रात्री सव्वादोनला संगणक कोण उठवतं?

नाशिकचा_चिवडा | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, तीनेक आठवडे झाले, घरात एक विचित्र प्रकार चाललाय. हॉलमध्ये डेस्कटॉप आहे. विंडोज १०, सुटे भाग आणून मीच जोडलेला, राउटरला केबलने लावलेला. रात्री साडेअकराच्या सुमारास मी त्याला स्लीपवर टाकतो आणि झोपायला जातो. मध्यरात्री कधीतरी तो आपला आपण जागा होतो. पंखे घुर्र करतात, कॅबिनेटचा निळा दिवा लागतो, पंधरा-वीस मिनिटांनी गुमान परत झोपतो.

मला याचा पत्ताही लागला नसता, पण आई हॉलमध्ये झोपते. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "तू रात्रीचा काय करत बसतोस रे?" दुसऱ्या आठवड्यात तिने उठून पाहिलं, तर खुर्चीत कोणीच नाही. काल तिने कॅबिनेटला अंगारा लावलाय.

आज सकाळी नेटवर वाचून काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी /लास्टवेक ही कमांड चालवली. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टंकताना रोमनमध्येच टाका.) उत्तर आलं यूएसबी रूट हब. म्हणजे माउस किंवा कीबोर्ड. घरात मांजर नाही. उंदीरही नाही, म्हणजे दुसऱ्या अर्थाचा. तर हा माउस रात्री हलवतं कोण?

खटपट्या | सोमवार, रात्री ११:०५

ऑप्टिकल माउस असेल आणि खाली चकचकीत काच किंवा सनमायका असेल, तर कोणी हलवावा लागत नाही. रस्त्यावरून ट्रक गेला, टेबल जरासं थरथरलं, तरी त्याला वाटतं आपण सरकलो. वायरलेस असेल तर सेल उतरत आलेत का तेही बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, तिथली "या उपकरणाला संगणक उठवू द्या" ही खूण काढून टाका. कीबोर्डची राहू द्या, नाहीतर सकाळी बटण दाबायला खाली वाकावं लागेल.

मालाडची_मैना | सोमवार, रात्री ११:२०

काकूंनी अंगारा कुठल्या देवाचा लावलाय ते आधी सांगा, उपाय त्यावर अवलंबून आहे. दिवे घ्या.

अण्णा_सातारकर | मंगळवार, सकाळी ७:१०

एवढा खटाटोप कशाला? रात्री शटडाउन करा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. आम्ही १९९८ पासून हेच करतो. आमचा संगणक एकदाही आपणहून उठला नाही.

नाशिकचा_चिवडा | मंगळवार, सकाळी ८:३०

अण्णा, तुमचं खरं आहे, पण पंधरा टॅब, तीन एक्सेल आणि अर्धवट टाइप केलेलं पत्र तसंच उघडं ठेवून झोपायची सवय लागलीय.

खटपट्या, माउसची खूण काढली. वर त्याचा खालचा स्विचही बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला. आई म्हणते काल रात्रीही उठला. आणि आज सकाळी /लास्टवेकने परत यूएसबी रूट हबच दाखवलं. ड्रॉवरमधला बंद माउस संगणक उठवतोय. आता मात्र अंगाऱ्यावर विश्वास बसायला लागलाय.

तळटीप | मंगळवार, सकाळी ९:१५

थांबा. सकाळी संगणक सुरू कसा केलात?

नाशिकचा_चिवडा | मंगळवार, सकाळी ९:४०

कीबोर्डचं स्पेसबार दाबून. रोजच्यासारखा.

तळटीप | मंगळवार, सकाळी १०:०२

मग त्याने खरं तेच सांगितलं की. /लास्टवेक म्हणजे शेवटचं उठणं, त्याच्याआधीचं एकही नाही. तुमचा संगणक रात्री उठला, परत झोपला, आणि सकाळी तुम्ही त्याला कीबोर्डने उठवलंत. कमांडने तुमचंच बोट पकडलं. रात्रीचा चोर तोवर केव्हाच पसार झाला होता.

जुन्या नोंदी हव्यात तर इव्हेंट व्ह्युअर उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. उजवीकडे फिल्टर लावा आणि सोर्समध्ये पॉवर-ट्रबलशूटर निवडा. क्रमांक १ ची नोंद दिसेल. दर वेळी संगणक झोपेतून उठला की ही एक नोंद पडते: झोपला कधी, उठला कधी, कोणी उठवलं. इथे सगळ्या रात्री जपून ठेवलेल्या असतात. जोडीला कर्नेल-पॉवरची ४२ क्रमांकाची नोंद पाहा, ती झोपायला जातानाची.

माउस ड्रॉवरमधून बाहेर काढा बिचाऱ्याला.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ११:३०

भाऊ, आमच्या अकोल्यात लाइनचा काही भरवसाच नाही. माझाही पीसी रात्री असाच चालू व्हायचा. मले वाटे काही व्हायरस-बियरस आहे. मग ध्यानात आलं, लाइन जाऊन परत आली की तो चालू होते. बायोसमधे (विंडोजच्या आधी चालू होते तो मदरबोर्डवरचा प्रोग्राम) एक सेटिंग राहते, लाइन परत आल्यावर काय करायचं त्याचं. ते "पॉवर ऑन"वर होतं, "पॉवर ऑफ" केलं, मिटला विषय. तुमच्याकडे रात्री लाइन जाते का?

तळटीप | मंगळवार, दुपारी १२:१०

ठेचाभाऊंचा मुद्दा चांगला आहे, पण ते उठणं नव्हे, तो नव्याने बूट होणं. साध्या स्लीपमध्ये सगळं रॅममध्ये असतं आणि रॅमला अखंड वीज लागते. वीज गेली की रॅम रिकामी. मग सकाळी उघड्या खिडक्या दिसणार नाहीत, आणि लॉगमध्ये कर्नेल-पॉवर ४१ अशी लाल खुणेची नोंद असेल. चिवडेसाहेबांचे पंधरा टॅब सकाळी जागच्या जागी असतात ना? मग वीज गेलेली नाही.

ज्यांच्याकडे लाइटचा खेळ चालतो त्यांनी डेस्कटॉपवर हायब्रिड स्लीप चालू ठेवावं. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवरही लिहिलं जातं, वीज गेली तरी काम वाचतं.

सीमोल्लंघन | मंगळवार, दुपारी १:४५

अवांतर: इकडे न्यू जर्सीत माझ्या नव्या लॅपटॉपचं वेगळंच दुखणं आहे. झाकण मिटून बॅगेत टाकला की तासाभराने पराठा भाजता येईल इतका तापलेला निघतो. मलाही तीच इव्हेंट पाहावी लागेल का?

तळटीप | मंगळवार, दुपारी २:२०

सीमोल्लंघन, आधी पॉवरसीएफजी /ए चालवा. त्यात एस३ (म्हणजे साधी झोप) उपलब्ध नाही आणि "एस० लो पॉवर आयडल" आहे असं दिसलं, तर तुमचा लॅपटॉप जुन्या अर्थाने झोपतच नाही. मोबाइलसारखा पडदा विझवून डुलकी काढतो आणि मधूनमधून डोळे उघडून मेल बघतो. याला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. तिथे /लास्टवेकचा फारसा उपयोग नाही. पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी चालवा, एक अहवालाची फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. कुठल्या डुलकीत कोणी किती वेळ जागं ठेवलं ते आलेखासकट दिसतं. आणि बॅगेत टाकण्याआधी हायबरनेट करा, म्हणजे सगळं डिस्कवर लिहून तो पुरता बंद होतो. झाकण मिटल्यावर हायबरनेट अशी सोय पॉवर ऑप्शन्समध्ये लावता येते.

अण्णा_सातारकर | मंगळवार, दुपारी ३:००

किंवा शटडाउन करा.

नाशिकचा_चिवडा | मंगळवार, रात्री ९:५५

तळटीप, नोंदी सापडल्या, पण गुंता वाढला. काल रात्रीच्या नोंदीत लिहिलंय: झोपला १८:०२, उठला २०:४३. पण संध्याकाळी सहाला मी ऑफिसात होतो आणि पावणेनऊला मी संगणकासमोर बसून आयपीएल बघत होतो. तो झोपलेला नव्हता, मी साक्षीदार आहे! घड्याळ तर बरोबर दाखवतोय.

उठवणारा म्हणून मात्र यूएसबी नाही, नेटवर्क कार्डाचं नाव आहे. मागच्या वीस नोंदी तपासल्या. एक आड एक असा क्रम दिसतो: एकदा नेटवर्क कार्ड, एकदा यूएसबी, परत नेटवर्क कार्ड.

खटपट्या | मंगळवार, रात्री १०:१०

वेळेच्या शेवटी झेड आहे का?

नाशिकचा_चिवडा | मंगळवार, रात्री १०:१३

आहे. २०:४३ नंतर सेकंद, मग झेड.

खटपट्या | मंगळवार, रात्री १०:१६

मग ती ग्रिनिचची वेळ आहे. साडेपाच तास मिळवा. झोपला रात्री ११:३२ ला, उठला २:१३ ला. वरच्या यादीतल्या रकान्यात आपली वेळ असते, आतल्या मजकुरात ग्रिनिचची. मी एकदा यापायी शेजाऱ्याच्या पोरावर संशय घेतला होता. असो.

तळटीप | मंगळवार, रात्री १०:३०

झकास. आणि एक आड एकचा अर्थ उघड आहे, यूएसबीवाल्या नोंदी तुमच्या स्पेसबारच्या. आता सांगा, बाकीच्या रात्रीही २:१३ च आहे का?

नाशिकचा_चिवडा | मंगळवार, रात्री १०:४८

२:१३, २:१३, २:१३, २:१४, २:१३. दोन रात्री नोंदच नाही. अंगावर काटा आला हो.

मालाडची_मैना | मंगळवार, रात्री १०:५५

भूत असतं तर बाराला आलं असतं. सव्वादोनला येणारं शिफ्टवालं दिसतंय.

दुर्बीण | मंगळवार, रात्री ११:२०

विंडोजची स्वयंचलित देखभाल मूळ सेटिंगमध्ये पहाटे २ वाजता असते, आणि तिला संगणक उठवायची परवानगी देता येते. मला तीच वाटते. पॉवरसीएफजी /वेकटाइमर्स अ‍ॅडमिन म्हणून चालवा, पुढे कोणी गजर लावून ठेवलाय का ते कळेल. टास्क शेड्युलरमध्येही (ठरल्या वेळी कामं चालवणारी विंडोजची सोय) एखाद्या कामाच्या कंडिशन्समध्ये "हे काम करायला संगणक उठवा" ही खूण असू शकते. सगळे गजर एका फटक्यात बंद करायचे तर पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये स्लीपखाली "अलाऊ वेक टाइमर्स" डिसेबल करा.

नाशिकचा_चिवडा | मंगळवार, रात्री ११:२८

चालवली. एकही टाइमर नाही म्हणतोय.

तळटीप | बुधवार, सकाळी ८:०५

दुर्बीण, टाइमर असता तर नोंदीत टाइमरचं आणि तो लावणाऱ्या कामाचं नाव आलं असतं. इथे नेटवर्क कार्ड आहे. म्हणजे गजर या संगणकात नाही, बाहेरून कोणीतरी कडी वाजवतंय. रोज ठरल्या मिनिटाला वाजवतंय, म्हणजे गजर आहे, पण दुसऱ्याच्या घड्याळात.

जरा सविस्तर लिहितो, कारण नेटवर्क कार्डाबद्दल बरेच गैरसमज आहेत. एस३ म्हणजे साधी झोप. (हे आकडे एसीपीआय नावाच्या प्रमाणातले. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने ते १९९६ मध्ये आणलं.) त्यात प्रोसेसर बंद, डिस्क बंद, पण कार्डाला थोडी वीज चालू राहते. केबलच्या टोकाचा दिवा झोपेतही लुकलुकतो तो त्यामुळेच. कार्ड दोन प्रकारच्या हाकांना ओ देतं.

एक, मॅजिक पॅकेट. त्यात ६ बाइट सगळे एफएफ, आणि मग त्याच कार्डाचा मॅक पत्ता (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ६ बाइटचा क्रमांक) १६ वेळा. एकूण १०२ बाइट. असा मजकूर चुकून जुळणं जवळजवळ अशक्य, म्हणजे कोणीतरी मुद्दाम नाव घेऊन सोळा वेळा हाक मारल्यासारखं.

दोन, पॅटर्न मॅच. इथे झोपण्याआधी विंडोज कार्डाला काही नमुने देऊन ठेवतं: असं पॅकेट आलं तर मला उठव. उदाहरणार्थ, कोणी या संगणकाशी जोडणी मागितली तर. नुसतं "हा आयपी पत्ता कोणाचा?" असं विचारलं तर हल्लीची कार्डं झोपेतल्या झोपेत परस्पर उत्तर देतात. पण जोडणी मागितली की उठवतात. कारण कल्पना अशी की घरातल्या कोणाला तुमच्या शेअर केलेल्या फोल्डरमधलं काही हवं असेल, तर संगणकाने उठून द्यावं.

कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर "फक्त मॅजिक पॅकेटनेच उठू द्या" अशी खूण असते. ती केलीत की आजच रात्री विषय संपेल.

पण करू नका. आज एक रात्र जागा. २:१३ ला पंखे फिरले की अ‍ॅडमिन खिडकीत पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स चालवा. संगणक पंधरा-वीस मिनिटं जागा राहतो हेच मला खटकतंय. असं कोणी नसताना उठला तर विंडोज सहसा दोन मिनिटांत परत झोपतं. वीस मिनिटं राहतो, म्हणजे त्याला कोणीतरी धरून ठेवतंय. /रिक्वेस्ट्स त्याचं नाव सांगेल, पण तो धरून आहे तोवरच.

पेंग्विनपुरी | बुधवार, सकाळी ९:३०

लिनक्सवाल्यांसाठी जाता जाता: /प्रोक/एसीपीआय/वेकअप ही फाइल वाचा. कुठल्या उपकरणाला उठवायची मुभा आहे ते तिथे एनेबल्ड-डिसेबल्ड असं दिसतं. यूएसबी कंट्रोलर बहुधा एक्सएचसी नावाने असतो. तेच नाव रूट (म्हणजे लिनक्सचा अ‍ॅडमिन) होऊन त्या फाइलीत लिहिलं की स्थिती उलटते. दोनदा लिहिलं तर परत होती तशी, मी यात एक अख्खा रविवार घालवलाय. आणि रीबूट केल्यावर सगळं पूर्वपदावर येतं, तेव्हा सुरू होताना चालणारी छोटी सर्व्हिस करून ठेवा.

चाफेकळी | बुधवार, सकाळी १०:४५

मॅकवर टर्मिनलमध्ये पीएमसेट -जी लॉग. नोंदींचा धबधबा कोसळतो, त्यात "वेक" शोधायचं. झाकण उघडलं की लिडओपन, गजराने उठला की आरटीसी (आतलं घड्याळ), असं कारण पुढेच लिहिलेलं असतं. विंडोजची यादी हवी असेल तर पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड, म्हणजे कोणाकोणाकडे उठवण्याचा परवाना आहे ते कळतं. माझ्या ऑफिसच्या पीसीवर पाच जणांकडे होता.

नुसताच_वाचक | बुधवार, रात्री ११:५८

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. आज झोप येणार नाही. जागा आहे.

मालाडची_मैना | गुरुवार, रात्री १२:२०

मी पण. चहा टाकलाय.

नाशिकचा_चिवडा | गुरुवार, पहाटे २:२१

मोबाइलवरून लिहितोय. मी आणि आई, दोघं सोफ्यावर बसून होतो. २:१३ ला घुर्र झालं. आईने माझा हात धरला.

/रिक्वेस्ट्स चालवलं. सिस्टिमखाली एकच ओळ आली: ड्रायव्हर, एसआरव्हीनेट. पुढे इंग्रजीत जे लिहिलंय त्याचा अर्थ असा की एका दूरच्या क्लायंटने नुकत्याच या संगणकाकडे विनंत्या पाठवल्यात. म्हणजे माझ्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आत्ता कोणीतरी आहे?! वायफायचा पासवर्ड फुटलाय की काय? केबल उपटू का?

खटपट्या | गुरुवार, पहाटे २:२४

उपटू नका! कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, त्यात शेअर्ड फोल्डर्स, त्यात सेशन्स. कोण जोडलंय त्या संगणकाचं नाव किंवा पत्ता येईल. खाली ओपन फाइल्समध्ये तो काय करतोय तेही.

नुसताच_वाचक | गुरुवार, पहाटे २:३१

अहो बोला ना.

मालाडची_मैना | गुरुवार, पहाटे २:४०

चिवडेकाका?

नाशिकचा_चिवडा | गुरुवार, सकाळी ८:५०

माफ करा मंडळी, हसताना आईने झापलं आणि मग झोपलो.

सेशन्समध्ये माझ्या मुलीच्या लॅपटॉपचं नाव होतं. ती आर्किटेक्चरला आहे, पुण्यात हॉस्टेलवर असते. तीन आठवड्यांपूर्वी सुट्टीला घरी आली. लॅपटॉप तिच्या खोलीत, झाकण मिटलेला, चार्जिंगला. ती स्वतः ढाराढूर.

तिच्या खोलीत जाऊन झाकण उघडलं, टास्क शेड्युलर पाहिला. रोज रात्री २:१० ला एक काम, "संगणक उठवा" या खुणेसकट, वीज जोडलेली असेल तरच. त्यात एक बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची यादी. पहिल्या ओळीत तीन मिनिटं थांब, कारण झोपेतून उठल्यावर वायफाय लागायला वेळ लागतो. मग रोबोकॉपीने (फाइली उतरवणारी विंडोजची कमांड) तिच्या ड्रॉइंगच्या फाइली माझ्या डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये उतरवायच्या. बॅच फाइलीच्या वर शेरा आहे: "आद्याचा बॅकअप, बाबा."

म्हणजे मीच. दोन वर्षांपूर्वी, ती हॉस्टेलला जायच्या आधी. साफ विसरून गेलो होतो. हॉस्टेलवर तो लॅपटॉप रोज दोन वाजून दहाला उठून माझ्या डेस्कटॉपला शोधत होता आणि तो सापडत नव्हता. मागे एकदा मुलगी म्हणाली होती, "बाबा, रूममेट तक्रार करते, माझा लॅपटॉप रात्री आपोआप चालू होतो." मी इथे बसून ऐटीत सांगितलं होतं, "अपडेट असेल गं."

ज्या दोन रात्री नोंद नव्हती, त्या रात्री ती मैत्रिणीकडे राहायला गेली होती, लॅपटॉप घेऊन.

तळटीप | गुरुवार, सकाळी ९:२०

वा! गजराने लॅपटॉप उठला, लॅपटॉपने डेस्कटॉप उठवला, डेस्कटॉपने आजींना. रोबोकॉपीला वेगळं सांगितलं नाही तर तो अपयश आल्यावर ३० सेकंद थांबून परत प्रयत्न करतो, आणि असे प्रयत्न १० लाख वेळा करायची त्याची तयारी असते. त्यामुळे डेस्कटॉप उठून सावरेपर्यंत तो दारात उभा राहिला. बॅच फाइलीत /आर:५ (पाच प्रयत्न) आणि /डब्ल्यू:१० (मध्ये दहा सेकंद) असं काहीतरी घालून ठेवा, म्हणजे हॉस्टेलवर पाच हाकांत गप्प बसेल.

फोल्डर पाहिलात का?

नाशिकचा_चिवडा | गुरुवार, सकाळी ९:४५

पाहिला. तीन आठवड्यांचं सगळं पोर्टफोलिओचं काम, परवाच्या रात्रीपर्यंतचं, नीट उतरलंय. मुलीला दाखवलं तर म्हणते, "अगं आई गं, मी पेनड्राइव्ह शोधत होते."

बदल केले ते असे. कार्डावर "फक्त मॅजिक पॅकेट" केलं. लॅपटॉपचं काम रात्री ९:३० ला आणलं, तेव्हा डेस्कटॉप तसाही चालू असतो. उठवायची खूण काढली. हॉस्टेलवर गेल्यावर काय करायचं ते सुट्टी संपताना बघू.

अण्णा_सातारकर | गुरुवार, सकाळी ११:००

शटडाउन केलं असतंत तर हा बॅकअप झाला नसता, हे मान्य करतो.

दुर्बीण | गुरुवार, सकाळी ११:१५

धागा जपून ठेवा. अण्णांनी काहीतरी मान्य केलंय.

सीमोल्लंघन | शुक्रवार, सकाळी ६:३०

स्लीपस्टडी चालवली. बॅगेत असताना ब्लूटूथ हेडफोन आणि वायफाय यांनी जागा ठेवला होता असं दिसतंय. झाकण मिटल्यावर हायबरनेट लावलं, काल गार निघाला. आभार.

वऱ्हाडी_ठेचा | शनिवार, रात्री ८:४०

चिवडेभाऊ, मंग आता रात्री शांतता आहे ना?

नाशिकचा_चिवडा | शनिवार, रात्री १०:०५

दोन रात्री झाल्या, हूं नाही की चूं नाही. नोंदींमध्ये फक्त माझा स्पेसबार. आईला सगळं समजावून सांगितलं, बॅच फाइलही दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अंगारा लावला तेव्हाच म्हटलं होतं मी, आठवड्याच्या आत थांबेल." कॅबिनेटवरचं ते बोट अजून पुसू देत नाहीये.